कुत्र्या-मांजरांच्या फोटोत डोळ्यांत येणारी फ्लॅशची चमक कशी काढायची

संध्याकाळी घरात काढलेला कुत्र्याचा फोटो उघडावा, तर डोळ्यांच्या जागी दोन हिरवट-पिवळे दिवे लागलेले. मोबाइलमधलं किंवा कॉम्प्युटरवरचं 'रेड आय' बटण दाबलं तर एक तर काहीच होत नाही, नाहीतर डोळ्यात राखाडी डाग पडतो. आपलं काहीतरी चुकतंय असं वाटून बरेच जण तो फोटो तसाच सोडून देतात. खरं म्हणजे चूक हत्याराच्या निवडीत असते. ते बटण माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे.

माणसाच्या डोळ्यात फ्लॅशने जो लाल रंग दिसतो तो डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या, म्हणजे रेटिनाच्या आसपासच्या रक्तपुरवठ्याचा असतो. कुत्रा, मांजर, गाय, म्हैस, शेळी, घोडा यांच्या डोळ्यात रेटिनाच्या मागे आणखी एक चकचकीत थर असतो. त्याला टॅपेटम ल्युसिडम म्हणतात. पहिल्या फेरीत रेटिनाने न टिपलेला उजेड हा थर परत रेटिनाकडे फेकतो. त्यामुळे या जनावरांना अंधुक उजेडात आपल्यापेक्षा पुष्कळ चांगलं दिसतं. फ्लॅशचा उजेडही तो तसाच परत फेकतो, आणि तो थेट लेन्समध्ये येतो.

या थराचा रंग प्रत्येक जनावराचा वेगळा. मांजरात बहुतेक वेळा हिरवा-पिवळा, कुत्र्यात पिवळा, हिरवा, निळसर यातलं काहीही, गाय आणि शेळीत निळसर-हिरवा. कुत्र्याच्या लहान पिल्लांचे डोळे निळसर चमकतात, तीन-चार महिन्यांनंतर रंग बदलतो. निळ्या डोळ्यांच्या हस्कीत किंवा सयामी मांजरात हा थर विरळ असतो किंवा नसतोच, म्हणून त्यांचे डोळे माणसासारखे लाल चमकतात. एकाच कुत्र्याचा एक डोळा हिरवा आणि दुसरा लालसर आला तरी गोंधळून जायचं कारण नाही. टॅपेटम डोळ्याच्या मागच्या भिंतीच्या वरच्या भागातच असतो. मान जरा वळली की एका डोळ्यातून टॅपेटम दिसतो आणि दुसऱ्यातून त्याखालचा भाग.

आता 'रेड आय' का चालत नाही ते कळेल. ते हत्यार लाल ठिपके शोधतं आणि त्यातला लाल कमी करून जागा काळी करतं. हिरव्या चमकेत त्याला लाल सापडतच नाही. शिवाय बऱ्याच फोटोंत चमक इतकी तीव्र असते की बाहुलीच्या जागी पांढराफटक डाग असतो आणि त्याखाली कुठलाही तपशील उरलेला नसतो. नसलेला तपशील कुठलंही बटण परत आणू शकत नाही. म्हणून डोळा 'साफ' करायला जाऊ नका. बाहुली नव्याने बसवायची आहे, असं समजून काम करा. त्यासाठी चार गोष्टी लागतात: बाहुलीची नेमकी कड, आतला काळोख, वरच्या पापणीची सावली आणि उजेडाचा तो एक छोटा पांढरा ठिपका, ज्याला फोटोग्राफर कॅचलाइट म्हणतात. या चारपैकी कॅचलाइट राहिला की बाकी तिन्ही कितीही नीट केलं तरी डोळा निर्जीव दिसतो.

पुढे 'बाहुली' म्हणजे मधला काळा भाग आणि 'बुबुळ' म्हणजे तिच्या भोवतीचं रंगीत कडं, या अर्थाने शब्द वापरले आहेत.

हात लावण्याआधी नीट बघा

फोटोची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो असेल तर पाठवणाऱ्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. व्हॉट्सअ‍ॅपने फोटो म्हणून पाठवताना फाइल दाबली जाते आणि डोळ्यासारख्या छोट्या जागेचे चौकोनी ठोकळे होतात. त्या ठोकळ्यांवर कड नीट बसत नाही.

मग डोळा तीनशे-चारशे टक्के मोठा करा. तपकिरी डोळ्यांच्या गावठी कुत्र्याचा डोळा एवढा मोठा केला की सहसा असं दिसतं: मध्ये पिवळट-हिरवी थाळी, तिची कड सरळ कापलेली नसून एक-दोन पिक्सेल जांभळट किंवा निळसर. थाळीच्या बाहेर बुबुळाची बारीक तपकिरी चकती. अंधारात बाहुली मोठी झालेली असते, त्यामुळे ही चकती कधीकधी जेमतेम तीन-चार पिक्सेल रुंद असते. वरचा भाग पापणीखाली झाकलेला, म्हणजे थाळी पूर्ण गोल नाही. आणि थाळीच्या साधारण मध्यावर, बाकी चमकेपेक्षा पांढरा असा एक टोकदार ठिपका. हा ठिपका टॅपेटमचा नाही. डोळ्याच्या पुढच्या ओल्या पृष्ठभागावर पडलेलं फ्लॅशचं प्रतिबिंब आहे ते. तोच खरा कॅचलाइट. तो दिसत असेल तर त्याची जागा लक्षात ठेवा, शक्य असेल तर तोच वाचवा.

या पाहणीत एक गोष्ट ठरवायची आहे. चमक रंगीत आहे आणि तिच्यात उजेड-अंधाराचा थोडा फरक दिसतोय, की ती पूर्ण पांढरी झाली आहे? रंगीत असेल तर काम सोपं. पांढरी होऊन बुबुळावर आणि पापणीच्या केसांवर पसरली असेल तर वेळ लागेल.

मोबाइलवर, स्नॅपसीडमध्ये

स्नॅपसीड फुकट आहे आणि या कामाला पुरतं. त्यात केलेला प्रत्येक बदल नंतर फक्त हव्या त्या जागी बोटाने 'रंगवता' येतो. त्याचाच उपयोग करायचा. आवृत्तीप्रमाणे बटणांच्या जागा थोड्या बदलतात.

आधी टूल्समधून ट्यून इमेज घ्या आणि सॅच्युरेशन उणे १०० करा. सगळा फोटो काळा-पांढरा होईल, होऊ द्या. बरोबरची खूण दाबा. मग टूल्समधून कर्व्ह्ज घ्या. रेषेचं वरचं उजवं टोक धरून अगदी तळाच्या जवळ आणा. फोटो जवळजवळ पूर्ण काळा होईल. पुन्हा बरोबरची खूण.

आता वरच्या एडिट स्टॅकच्या चिन्हातून व्ह्यू एडिट्स उघडा. दोन्ही बदल यादीत दिसतील. ट्यून इमेजवर टिचकी मारा आणि ब्रशचं चिन्ह निवडा. आता तो बदल फोटोवरून निघून जाईल आणि तुम्ही बोट फिरवाल तिथेच लागेल. ताकद १०० ठेवा आणि बाहुली तसंच तिच्या कडेची जांभळट किनार रंगवा. बुबुळावर जाऊ नका. मग कर्व्ह्जवर टिचकी मारून तसाच ब्रश घ्या आणि फक्त बाहुली रंगवा.

ब्रशचा आकार पडद्यावर तोच राहतो, त्यामुळे बारीक काम करायचं तर फोटो मोठा करायचा. डोळा पडद्याची अर्धी रुंदी व्यापेल एवढा मोठा करा. बोट जाड पडत असेल तर साधा टचपेन खूप उपयोगी पडतो.

कॅचलाइटसाठी कर्व्ह्जच्या त्याच ब्रशची ताकद ० करा, फोटो आणखी मोठा करा आणि कॅचलाइटच्या जागी एकदाच टेकवा. त्या ठिकाणचा काळा थर निघतो आणि खालची, रंग काढून टाकलेली चमक दिसते. म्हणजे आपोआप पांढरा ठिपका तयार. तो मळकट दिसला तर ब्रश टूलमधल्या डॉज अँड बर्नने, म्हणजे जागा उजळ किंवा गडद करणाऱ्या ब्रशने, अधिक १० वर एक-दोन टिचक्या मारा.

सुरुवातीपासूनच डॉज अँड बर्न उणे १० घेऊन चमक घासत बसू नका. पांढऱ्या डागाचं त्याने आधी राखाडी आणि मग मातकट होतं, काळं होईपर्यंत आजूबाजूचे केसही काळवंडतात. हीलिंगही इथे निरुपयोगी. ते शेजारची जागा उचलून आणतं, आणि शेजारी केस असतात. बाहुलीच्या जागी केस उगवलेला कुत्रा त्यामुळेच दिसतो.

कॉम्प्युटरवर, गिम्पमध्ये

फोटो छापून भिंतीवर लावायचा असेल तर मोबाइलवर थांबू नका. गिम्प फुकट आहे आणि खालची रीत फोटोशॉपमध्येही जवळजवळ तशीच चालते. त्यातलं फिल्टर्स → एन्हान्स → रेड आय रिमूव्हल फक्त लाल चमकेसाठी आहे. हस्की, सयामी किंवा सशाच्या लाल चमकेवर आधी तेच वापरून बघा. बाकी सगळ्यांसाठी हाताने काम.

१. फोटो उघडून लगेच एक्ससीएफ (गिम्पची स्वतःची फाइल) म्हणून सेव्ह करा, म्हणजे लेयर, अर्थात फोटोवर चढवलेले वेगवेगळे थर, टिकतील. दोन पारदर्शक लेयर जोडा. खालच्याला 'बाहुली', वरच्याला 'ठिपका' नाव द्या.

२. 'ई' दाबून एलिप्स सिलेक्ट घ्या. फेदर एजेस, म्हणजे कड मऊ करण्याचा पर्याय, चालू करा. बाहुली ६० पिक्सेल रुंद असेल तर फेदर ३ च्या आसपास, १५० असेल तर ६ ते ७. फेदर शून्य ठेवला तर कागदाची टिकली चिकटवल्यासारखं दिसतं, फार वाढवला तर बाहुली धुरकट होते.

३. लंबगोल काढताना चमकेच्या बाहेर एक ते दोन पिक्सेल घ्या. ती रंगीत किनार आत आली पाहिजे. नाहीतर काळ्या बाहुलीभोवती हिरवी बांगडी उरते. हाताने केलेल्या कामात सर्वात जास्त दिसणारी चूक हीच.

४. पापणीचा भाग वजा करा. 'एफ' दाबून फ्री सिलेक्ट घ्या, सबट्रॅक्टचा पर्याय निवडा आणि पापणीच्या कडेने रेघ ओढून वरचा भाग कापून टाका. पूर्ण गोल बाहुली पापणीवर चढली की कुत्रा दचकल्यासारखा डोळे वटारून बघतो.

५. 'बाहुली' लेयर निवडा आणि गडद रंग भरा. शुद्ध काळा नको. लाल २०, हिरवा १६, निळा १४ हा आकडा बहुतेक तपकिरी डोळ्यांना चालतो. निळ्या किंवा राखाडी डोळ्यांना तिन्ही १८ च्या आसपास. खात्री करायची तर त्याच फोटोतली नाकाच्या छिद्रातली किंवा ओठाच्या घडीतली सर्वात गडद जागा कलर पिकरने उचला. फोटोचा 'काळा' तोच.

६. आता ५० टक्के ताकदीच्या मऊ ब्रशने बाहुलीच्या खालच्या तिसऱ्या भागात किंचित उजळ रंग द्या, जेमतेम दहा-बारा अंक वर. वरचा भाग पापणीच्या सावलीत जास्त काळा, खालचा जरासा कमी. एवढ्या फरकाने बाहुली खोल वाटायला लागते.

७. फिल्टर्स → नॉइज → आरजीबी नॉइज अगदी थोडा द्या, ०.०३ च्या आसपास. घरातल्या अंधुक उजेडातल्या फोटोत दाणा, म्हणजे बारीक ठिपक्यांचा खरखरीतपणा, असतो. त्यात बाहुलीच तेवढी गुळगुळीत असली की नजर तिथेच अडकते.

चमक रंगीत आहे पण पांढरीफट झालेली नाही, अशा फोटोसाठी यापेक्षा चांगला मार्ग आहे. मूळ लेयरची प्रत करा, बाहुली वर सांगितल्यासारखी सिलेक्ट करा, कलर्समधून रंग काढून टाका आणि कर्व्ह्ज उघडा. रेषेवर एक बिंदू आत (इनपुट) २१०, बाहेर (आउटपुट) १५ असा बसवा आणि उजवं टोक वर, २३५ च्या आसपास ठेवा. २१० पर्यंतचं सगळं काळोखात जातं आणि त्याहून पांढरा असलेला मूळ कॅचलाइट तसाच राहतो. तुमच्या फोटोतली चमक १८० वर संपत असेल तर बिंदू १८५ वर ठेवा. या पद्धतीने कॅचलाइट काढावा लागत नाही. तो तिथला, त्या क्षणाचा असतो आणि तसाच दिसतो.

चमक बुबुळावर पसरली असेल तर

इथे घाई झाली की फोटो बिघडतो. पसरलेल्या चमकेने बुबुळ दिसेनासं झालेलं नसतं, फिकं आणि हिरवट झालेलं असतं. त्यावर काळा रंग चढवला की डोळाच मोठा होतो आणि कुत्रा खेळण्यातल्या प्राण्यासारखा दिसतो. तसं न करता बुबुळाच्या बाहेरच्या कडेचा, जिथे चमक पोचलेली नाही तिथला रंग उचला. नवीन लेयर घ्या, मोड एचएसएल कलर, आणि मऊ ब्रशने २० ते ३० टक्क्यांवर दोन-तीन हात फिरवा. त्याने रंग परततो. मग दुसरा लेयर, मोड मल्टिप्लाय, त्याच रंगाचा १५ ते २० टक्के हात, म्हणजे गडदपणा परततो. बुबुळातल्या बारीक रेषा आपण काढलेल्या नसतात, त्या खालून दिसत राहतात. म्हणूनच बुबुळ खरं दिसतं.

खालच्या पापणीच्या केसांच्या टोकांवरही कधी हिरवट झाक उतरते. तिथे फक्त रंग कमी करा, उजेडाला हात लावू नका.

एक डोळा वाया गेला आणि दुसरा ठीक आला असेल, तर ठीक डोळा उचलून आडवा उलटवून बसवता येतो. पण त्यात एक गफलत हमखास होते. डोळा उलटला की कॅचलाइटही उलट बाजूला जातो. खऱ्या फोटोत उजेड एकाच ठिकाणाहून येतो, त्यामुळे दोन्ही डोळ्यांत ठिपका एकाच बाजूला असतो: घड्याळात एक वाजता, तर दोन्हीकडे एक वाजताच. उलटवलेल्या डोळ्यातला ठिपका पुसा आणि योग्य बाजूला नवा द्या. मान तिरकी असेल तर लांबचा डोळा थोडा अरुंद दिसतो. उलटवलेला डोळा तेवढा आडवा दाबून घ्या, पाच ते दहा टक्के पुरतात.

कॅचलाइट

मूळ ठिपका वाचला नसेल तर 'ठिपका' लेयरवर नवा काढा. रंग पूर्ण पांढरा नको, लाल २४४, हिरवा २४१, निळा २३४ असा थोडा उबदार. आकार बाहुलीच्या रुंदीच्या सहाव्या ते आठव्या भागाएवढा. ब्रशची हार्डनेस ६० ते ७५. एकच टिचकी. कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश असेल तर ठिपका बाहुलीच्या जवळजवळ मध्यावर, किंचित वर येतो. खिडकीचा उजेडही असेल तर चौकोनी, मोठा आणि फिका. आधी डोळ्यात, नाकाच्या ओल्या शेंड्यावर आणि गळपट्ट्याच्या बिल्ल्यावर उजेड कुठून पडलाय ते बघा आणि त्याच दिशेने ठिपका ठेवा. नाक डावीकडून चमकतंय आणि डोळ्यातला ठिपका उजवीकडे, हे बघणाऱ्याला शब्दांत सांगता येत नाही, पण खटकतं.

चांदणीच्या आकाराचे ब्रश नकोत. एका डोळ्यात दोन-तीन ठिपकेही नकोत.

सगळं झालं की फोटो शंभर टक्क्यांवर आणा, मग पडद्यावर मावेल एवढा लहान करा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून बघा. तीनशे टक्क्यांवर सुंदर दिसणारी बाहुली लहान फोटोत कधी भोकासारखी दिसते. तसं झालं तर 'बाहुली' लेयरचा रंग आणखी सात-आठ अंक उजळ करा. लेयरची ओपॅसिटी, म्हणजे दाटपणा, मात्र कमी करू नका. खाली पांढरी चमक आहे, ओपॅसिटी ९० केली तरी काळ्यावर राखाडी पडदा येतो आणि डोळ्यात मोतीबिंदू झाल्यासारखं दिसतं.

बाहुलीचा आकार प्रत्येकाचा वेगळा

कुत्र्याची बाहुली नेहमी गोल. मांजराची उजेडात उभी फट आणि अंधारात जवळजवळ पूर्ण गोल. फ्लॅशचा फोटो अंधारातलाच असतो, म्हणून मांजराला गोलच बाहुली द्या. 'मांजर म्हणजे उभी रेघ' म्हणून बारीक फट काढली तर तिच्या दोन्ही बाजूंना जे बुबुळ दिसायला हवं ते फोटोत नसतंच, ते कल्पनेने रंगवावं लागतं.

वसुबारसेला गोठ्यात गाय-वासराची पूजा होते ती संध्याकाळी, अंधार पडता पडता. त्या फोटोंत गाईचे डोळे निळसर-हिरवे पेटलेले हमखास असतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा यांची बाहुली आडवी. गाईची आडवी लंबगोल, शेळीची जवळजवळ आयताकृती, कोपरे गोलसर. अंधारात त्याही फुगतात, पण आडवेपण थोडं राहतं. शेळी-मेंढी मान खाली घालून चरतात तेव्हा त्यांचे डोळे खोबणीत वळतात आणि बाहुली जमिनीला समांतर राहते. म्हणून चरणाऱ्या शेळीच्या फोटोत बाहुली तोंडाच्या रेषेत तिरकी काढू नका, जमिनीच्या रेषेत काढा. गाईची पापणी आणि पापण्यांचे लांब केस बाहुलीवर सावली टाकतात. केस वाचवून सिलेक्शन करायला वेळ लागतो, पण ते केस गेले की गाईची नजरच जाते.

सशाला टॅपेटम नसतो, त्याचे डोळे लाल चमकतात. पण पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या सशाला हात लावू नका. त्याच्या डोळ्यात रंगद्रव्य नाही, लाल हाच त्याचा रंग आहे. काळी बाहुली दिली की तो ससा दुसराच होतो. तीच गोष्ट पांढऱ्या उंदरांची.

कॉम्प्युटरवर लाइटरूम क्लासिक हे अडोबीचं फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर असेल तर यातली बरीच मेहनत वाचते. त्याच्या रेड आयच्या हत्यारात पेट आय असा वेगळा पर्याय आहे. डोळ्याच्या मध्यापासून बाहेर ओढा, प्युपिल साइझने बाहुली जुळवा, अ‍ॅड कॅचलाइटवर खूण करा आणि ठिपका धरून योग्य जागी न्या. मात्र ते गोलच बाहुली देतं. पापणीखाली झाकलेल्या डोळ्यात आणि गाई-शेळ्यांत ते चुकतं. तिथे गिम्पच.

एका वाक्यात सांगून डोळा नवा बनवून देणारी एआयची हत्यारं आता सगळीकडे आहेत. ती वापरलीत तर मूळ फोटो शेजारी ठेवून बुबुळाचा रंग, कड आणि पापणीची रेघ ताडून बघा. ती देखणा डोळा देतात, पण बऱ्याचदा तो तुमच्या कुत्र्याचा नसतो. गेलेल्या जनावराचा शेवटचा फोटो असेल तर हाताने करा. त्या घराला तोच डोळा हवा असतो.

जुने छापील फोटो असतील तर स्कॅन ६०० डीपीआयवर करा. ४ × ६ इंचांच्या फोटोत कुत्र्याचा डोळा तीन मिलिमीटरचा असला तर स्कॅनमध्ये तो साधारण ७० पिक्सेलचा होतो, कामाला पुरेसा. ३०० वर तोच ३५ पिक्सेल होतो आणि फेदर कुठे संपतो आणि बुबुळ कुठे सुरू होतं ते कळत नाही.

मुळात चमक येऊच नये म्हणून

चमक येते कारण फ्लॅश आणि लेन्स शेजारी-शेजारी असतात. मोबाइलमध्ये हे अंतर दीड-दोन सेंटिमीटर. दोन मीटरवर बसलेल्या मांजरासाठी फ्लॅश आणि लेन्स यांच्यातला कोन अर्ध्या अंशाच्या आसपास होतो, आणि टॅपेटम उजेड आला त्याच वाटेने परत पाठवतो. लांब गेलं की कोन आणखी लहान होतो, म्हणून लांबून काढलेल्या फोटोत चमक जास्त. फ्लॅशवर टिश्यू पेपर लावण्याचा उपाय म्हणूनच फोल आहे. उजेड मऊ होतो, पण येतो त्याच जागेवरून. रेड आय रिडक्शनचा आधी लुकलुकणारा दिवाही बंद ठेवा. बाहुली थोडी आकसते, पण टॅपेटम तिथेच असतो, आणि लुकलुक झाली की कुत्रा तोंड फिरवतो.

कॅमेऱ्यावर स्वतंत्र फ्लॅश असेल तर तो छताकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे वळवा. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा, खोलीतले सगळे दिवे लावा म्हणजे बाहुल्या लहान होतात. दुसऱ्या कोणाला तरी दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च बाजूने, साधारण ४५ अंशांवर, थर्मोकोलच्या पांढऱ्या शीटवर मारायला सांगा. शीटवरून येणारा उजेड मऊ असतो आणि लेन्सच्या वाटेतून येत नाही. टॉर्च थेट डोळ्यावर मारू नका. कॅमेऱ्यात शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको, आयएसओ १६०० ते ३२०० चालेल. दाणा काढता येतो, हललेला फोटो सुधारत नाही. मोबाइलचा नाइट मोड झोपलेल्या मांजरालाच चालतो. खाऊ लेन्सशेजारी न धरता हातभर बाजूला धरा. नजर किंचित वळली तरी चमक पुष्कळ कमी होते.

फोटो सुधारण्याआधी एका गोष्टीकडे लक्ष द्या. वेगवेगळ्या कोनांतल्या, वेगवेगळ्या दिवसांच्या फोटोंत एकाच डोळ्यात दुधाळ पांढरेपणा येत असेल, तर ते फ्लॅशचं काम नसून मोतीबिंदू असू शकतो. कुत्र्याचे डोळे पूर्वीपेक्षा जास्त चमकायला लागले आणि तो अंधारात अडखळत असेल, बाहुल्या उजेडातही मोठ्याच राहत असतील, तर रेटिना झिजत असण्याची शक्यता असते. असे फोटो न सुधारता तसेच ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांना त्यातून अंदाज येतो.

काम संपल्यावर एक्ससीएफ फाइल ठेवून द्या आणि वेगळी जेपेग ९० ते ९५ क्वालिटीवर काढा. छापायला देताना आधी एकच लहान प्रत मागा. कागदावर काळा रंग पडद्यापेक्षा जास्त दाटतो आणि बुबुळाची बारीक चकती बाहुलीत मिसळून जाते. तसं झालं तर बुबुळाचा मल्टिप्लायचा लेयर बंद करा आणि पुन्हा छापा.